सुमेरसिंग गारदी : थकलेल्या तलबेपासून शनिवारवाड्यातील कटापर्यंत (धागा)

१/
अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठी असदगड उभा आहे. तेथून थोड्याच अंतरावर कुंभारी हे गाव आहे. १७७३ च्या प्रारंभी या गावाजवळ नागपूरकर भोसल्यांच्या घरातील दोन भाऊ, साबाजी आणि मुधोजी, आपापल्या फौजा घेऊन एकमेकांवर चालून आले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वऱ्हाडातली ती भाऊबंदकी आणि पुण्यातली ही भाऊबंदकी यांचे धागे एकमेकांत गुंतलेले होते. त्या गुंत्यात हाती तलवार घेऊन उभा असलेला शिपाई म्हणजे सुमेरसिंग गारदी.

२/
नारायणरावांच्या खुनाचा विषय निघाला की ‘ध चा मा’ ही कथा आधी आठवते. राघोबादादांनी ‘धरावे’ असे लिहिले, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले आणि गारद्यांनी हुकूम बजावला. या कथेत सुमेरसिंगाला स्वतःचे मन नाही. चिठ्ठीत जे अक्षर असेल त्याप्रमाणे वागणारा तो एक हात आहे. पण पगारी शिपाई आपल्या धन्याच्या रक्ताला का तयार होतो, हा प्रश्न त्या एका अक्षराने सुटत नाही. त्यासाठी आधी गारदी म्हणजे कोण, हे पाहावे लागते.

३/
‘गारदी’ हा शब्द मूळ फ्रेंच ‘गार्द’ या शब्दावरून, म्हणजे पहारेकरी या अर्थाने आला. १७५१ पासून फ्रेंच सेनानी बुसी निजामाच्या दरबारी होता. त्याने हिंदी शिपायांच्या पलटणी युरोपीय पद्धतीने तयार केल्या. रांगेत चालणे, हुकमाबरोबर बंदुका झाडणे, तोफांच्या आडोशाने लढणे हे त्यांचे काम. या कवायती पायदळाला गारदी म्हणू लागले. गारदी ही जात नव्हती, धर्मही नव्हता, तो पेशा होता. त्यात मुसलमान होते, उत्तरेकडचे हिंदू होते, इतरही होते.

४/
मराठी फौजेचा जुना कणा घोडदळाचा. सरदाराला सरंजाम मिळे. त्या मुलखाच्या उत्पन्नातून तो पथक बाळगी. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येई, बारगीर सरकारी घोड्यावर बसे. गाव, वतन, नातेगोते यांच्या धाग्यांनी ही माणसे राज्याशी बांधलेली असत. गारद्याला यातले काहीच नव्हते. त्याला दरमहा रोख तलब, म्हणजे पगार, ठरलेला असे. तलब वेळेवर मिळाली तर तो उत्तम शिपाई. ती थकली तर त्याला धन्याशी बांधून ठेवणारे दुसरे काही उरत नसे. आणि अठराव्या शतकातल्या कोणत्याही दरबारात तलब थकणे ही नेहमीची गोष्ट होती.

५/
या व्यवस्थेतला धोका पुणे दरबाराने नारायणरावांच्या खुनाआधी चौदा वर्षे अनुभवला होता. मुजफ्फरखान हा बुसीच्या हाताखाली तयार झालेला गारदी सरदार. तो पेशव्यांकडे आला, मग सावनूरच्या नबाबाकडे गेला, पुन्हा पेशव्यांकडे परतला. पुढे पेशव्यांनी इब्राहिमखान गारद्याला जवळ केले आणि मुजफ्फरखानाचे महत्त्व घटले. ऑक्टोबर १७५९ मध्ये पुण्याजवळ गारपिराच्या तळावर सदाशिवरावभाऊंवर शस्त्राचा वार झाला. मारेकरी मुजफ्फरखानाने पाठवलेला होता. भाऊ जखमी होऊन बचावले. चौकशीत कट उघड झाला आणि मुजफ्फरखानाला देहदंड मिळाला.

६/
ज्याच्या येण्याने मुजफ्फरखान दुखावला, तो इब्राहिमखान पुढे काय करून गेला हे सर्वज्ञात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याच्या गारद्यांनी अफगाणांच्या उजव्या बगलेचे कंबरडे मोडले. सारे संपल्यावर जखमी अवस्थेत तो शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. शेवटपर्यंत त्याने भाऊंची बाजू सोडली नाही. एकाच पेशाचे, एकाच शिक्षणाचे हे दोन सरदार. एकाने भाऊंवर मारेकरी घातला, दुसऱ्याने भाऊंसाठी प्राण दिले. म्हणून ‘गारदी म्हणजे दगाबाज’ हे समीकरण इतिहासाला मान्य होणारे नाही.

७/
आता १७७२ च्या पुण्याकडे वळू. १८ नोव्हेंबर रोजी थेऊर येथे थोरले माधवराव क्षयाने गेले. त्यांनी आयुष्यभर दोन गोष्टी काबूत ठेवल्या होत्या, फौज आणि चुलते. चुलते म्हणजे रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत पुतण्याने त्यांचा पराभव केला होता आणि नंतर त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले होते. अटकेपर्यंतच्या मोहिमेचा हा नायक आपल्याच घराण्याच्या वाड्यात पहाऱ्यात दिवस मोजत होता. माधवरावांमागे गादीवर आले त्यांचे धाकटे बंधू नारायणराव. वय सतरा.

८/
अखेरच्या दिवसांत माधवरावांनी चुलत्या-पुतण्यांचा सलोखा घडवण्याचा यत्न केला होता. तो टिकला नाही. एप्रिल १७७३ मध्ये राघोबादादा पुन्हा बंदोबस्तात पडले. ज्या वाड्यात पेशवे राहत, त्याच वाड्यात पेशवेपदावर डोळा असलेला कैदी राहत होता. आणि दोघांच्याही भोवती पहारा होता तो गारद्यांचा. परक्या मुलखातल्या शिपायाला दरबारी तंट्यात रस नसतो, म्हणून तो पहाऱ्याला बरा, असा हिशेब अशा नेमणुकीमागे असतो. मात्र ज्याला कोणाचीच बाजू नाही, त्याला कोणतीही बाजू विकत घेऊ शकते, ही त्या हिशेबाची दुसरी बाजू होती.

९/
याच सुमारास वऱ्हाड-नागपुरात काय चालले होते? १७७२ मध्ये सेनासाहेब सुभा जानोजी भोसले निवर्तले. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी याला दत्तक घेण्याचे ठरवले होते. परंतु जानोजींच्या पत्नी दर्याबाई यांनी साबाजींची बाजू धरली. पुण्याच्या कारभाऱ्यांचे वजनही साबाजींच्याच पारड्यात पडले. मुधोजींचा ओढा पहिल्यापासून राघोबादादांकडे. म्हणजे नागपूरच्या तंट्यातला एक भाऊ नारायणरावांच्या बाजूचा आणि दुसरा राघोबांच्या बाजूचा, अशी विभागणी आपोआप झाली. पुण्यातले भांडण अकोल्याच्या रानात येऊन उभे राहिले.

१०/
कुंभारीजवळच्या लढाईने निकाल लागला नाही. अखेर तडजोड निघाली की सेनासाहेब सुभेपद रघूजीला द्यावे. त्याची रीतसर वस्त्रे मिळवण्यासाठी व्यंकटराव काशी आणि लक्ष्मण काशी हे गुप्ते बंधू भोसल्यांचे वकील म्हणून पुण्याला गेले. वस्त्रांचे काम पेशव्यांकडे अडले होते. वकिलांचा भरवसा मात्र कैदेतल्या राघोबांवर होता. दादा मोकळे झाले तर मुधोजींचे काम झाले. राघोबांच्या सुटकेच्या खटपटीत हे बंधू शिरले ते अशा रीतीने. सुटकेचा एक प्रयत्न फसला आणि कैद आणखी कडक झाली. आता बाहेरून काही करणे कठीण होते. मदत हवी होती ती वाड्याच्या आतली.

११/
वाड्याच्या आत शस्त्र होते फक्त पहारेकऱ्यांकडे. राघोबांच्या विश्वासातला तुळाजी पवार हा मधला दुवा झाला. त्याने गारद्यांच्या नायकांशी बोलणे लावले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ आणि बहादूरखान ही त्या नायकांची नावे. नारायणरावांना कैद करावे, दादांना गादीवर बसवावे आणि त्याच्या मोबदल्यात गारद्यांना रोख रक्कम व किल्ले मिळावेत, असे ठरले.

१२/
या मोबदल्यातला ‘किल्ले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पैसा खर्चून संपतो. किल्ला म्हणजे मुलूख, शिबंदी आणि स्वतःची तटबंदी. तलबेवर जगणाऱ्या शिपायाला जे कधी मिळत नसे, ते सुमेरसिंगाने मागितले. यातून त्याची आकांक्षा दिसते, तशीच भीतीही दिसते. असे काम करून दाखवणारा माणूस पुढे कोणालाच जवळ नको असतो, हे त्याला ठाऊक असावे. तटाआड राहिल्याशिवाय जीव वाचणार नाही, एवढा अंदाज त्या मागणीत आहे. केवळ आज्ञाधारक हात अशा अटी घालत नाही.

१३/
३० ऑगस्ट १७७३, सोमवार. गणेशोत्सवाचे दिवस. नारायणरावांना अठरा वर्षे पूर्ण होऊन वीसच दिवस झाले होते. सकाळी ते पर्वतीला जाऊन आले. काहीतरी शिजते आहे, अशी सूचना त्यांना रघूजी आंग्रे यांच्याकडून मिळाली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितले. हरिपंतांनी ते काम जेवणानंतरवर ठेवले. पेशवे विश्रांतीसाठी आपल्या दालनात गेले. कटाची कुणकुण लागलेली असूनही पहारा त्याच गारद्यांचा राहिला.

१४/
दुपारी एकच्या सुमारास गारदी वाड्यात घुसले. तोंडी घोषा होता थकलेल्या तलबेचा. हे निमित्त फार विचारपूर्वक निवडलेले होते. थकबाकीसाठी शिपायांनी दंगा करणे, धरणे धरून बसणे हे लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. त्यामुळे आरडाओरडा ऐकूनही कोणाला लगेच मोठा संशय आला नाही. अडवायला आलेल्यांवर मात्र तलवारी चालल्या. कारकून, सेवक आणि दासी कापल्या गेल्या. आश्रयाला आलेल्यांबरोबर एक गायही मारली गेली.

१५/
नारायणराव धावले ते चुलत्याच्या दालनाकडे. राघोबादादांना त्यांनी मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ ही हाक मराठी मनात कायमची राहिली ती या क्षणामुळे. परंपरा सांगते की दादांचे मन त्या वेळी द्रवले आणि त्यांनी सुमेरसिंगाला थांबण्यास सांगितले. सुमेरसिंग थांबला नाही. इतके रक्त सांडल्यावर पेशव्याला जिवंत सोडणे म्हणजे स्वतःच्या मरणाला आमंत्रण, असा त्याचा जबाब होता. सोडणार नसाल तर तुम्हालाही कापू, असे त्याने दादांना बजावल्याचे सांगतात.

१६/
या संवादातला शब्द न् शब्द खरा धरण्याचे कारण नाही. त्यामागचा तर्क मात्र पक्का आहे. ‘धरावे’ ही योजना राघोबांच्या सोयीची होती. पेशवा कैदेत गेला तर चुलत्याला पुढे तडजोडीचा मार्ग उघडा राही. घरचे भांडण घरात मिटले असते. मग पेशव्याच्या वाड्यात शस्त्र उपसणाऱ्या गारद्याचे काय झाले असते? घराण्याच्या समेटाची पहिली किंमत त्याचेच डोके ठरले असते. वाड्यात पहिला मुडदा पडला त्या क्षणी सुमेरसिंगाचा परतीचा रस्ता बंद झाला होता.

१७/
पेशव्यांशी बिलगलेला त्यांचा सेवक चापाजी टिळेकर धन्याबरोबर मारला गेला. इच्छारामपंत ढेरे हेही बळी पडले. चापाजी टिळेकर हाही पगारीच माणूस होता. सुमेरसिंगाचा विचार करताना त्याला विसरून चालणार नाही. थकलेल्या तलबेने सुमेरसिंगाचे वागणे समजते, ते क्षम्य ठरत नाही. त्याच दालनात, त्याच वेळी, त्याच धन्याच्या नोकरीतल्या दुसऱ्या माणसाने वेगळी निवड केली होती.

१८/
‘ध चा मा’ या कथेकडे आता पुन्हा पाहता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रँट डफच्या इतिहासात ती आली आणि रंगभूमीने व सांगोवांगीने ती घरोघरी पोहोचवली. अक्षर बदललेला तो मूळ कागद पुराव्यादाखल कोणी पुढे ठेवलेला नाही. कथा लोकप्रिय होण्याचे कारण उघड आहे. तिच्यात राघोबा अर्धे निर्दोष होतात, गारदी आज्ञाधारक होतात आणि सारा दोष एका स्त्रीच्या लेखणीवर जातो. चिठ्ठी कशीही असो, वाड्यात जे घडले त्याचा उलगडा त्या दिवशीच्या परिस्थितीतूनच होतो. हत्यारबंद माणसे आत शिरल्यावर ‘धरणे’ आणि ‘मारणे’ यांत अंतर थोडेच उरते.

१९/
खुनानंतर राघोबादादांच्या नावाची द्वाही फिरली. परंतु वाड्याचे दरवाजे गारद्यांच्या ताब्यात होते. ठरलेल्या मोबदल्यासाठी त्यांनी तगादा लावला. किल्ले देणे राज्याला परवडणारे नव्हते. अखेर पैशांवर तोड निघाली. नवा पेशवा आपल्याच मारेकऱ्यांचा देणेकरी झाला होता. सुमेरसिंगाच्या आयुष्यातला हा सर्वांत प्रबळ काळ. तो फार टिकला नाही.

२०/
न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी आरंभिली. गारदी हाती लागताच प्रकरण संपवणे सोपे होते. शास्त्रीबोवांनी तसे केले नाही. त्यांच्या चौकशीत सुमारे ५० जणांचा सहभाग निघाला. त्यात गारदी तेराच्या आसपास. उरलेले कारकून, मुत्सद्दी, सेवक असे दरबारचेच लोक होते. व्यंकटराव आणि लक्ष्मण काशी यांची नावेही त्यात आली. मुख्य दोष त्यांनी राघोबादादांच्या माथी ठेवला आणि देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय त्यांच्या तोंडावर सांगून ते पुणे सोडून गेले. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने हा प्रसंग अजरामर केला.

२१/
१८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांच्या पोटी सवाई माधवरावांचा जन्म झाला. बारभाईंनी त्यांच्या नावे कारभार हाती घेतला आणि राघोबा परागंदा झाले. धन्याच्या पायाखालची जमीन सरकताच गारद्यांची पांगापांग झाली. महंमद युसूफ नागपूरकडच्या मुलखात सापडला आणि त्याला मृत्युदंड झाला. खरकसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या राज्यात गेले होते. हैदराने त्यांना पुणे दरबाराच्या स्वाधीन केले. तुळाजीकडून कटाची हकिकत वदवून घेण्यात आली आणि दोघांनाही हालहाल करून मारण्यात आले.

२२/
सुमेरसिंग उत्तरेकडे निघून गेला. १७७५ मध्ये तो पाटण्यात मरण पावला. त्याच्या मृत्यूचे गूढ उकलले नाही. पाटणा तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली होते, पुण्याचा हुकूम तेथे चालत नव्हता. ज्याने तटाआड राहण्यासाठी किल्ले मागितले होते, त्याला शेवटी दोन वर्षांचीच मुदत मिळाली. त्याच वर्षी नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले आणि मुधोजींचा मार्ग मोकळा झाला. कुंभारीला जो वाद सुटला नव्हता, तो तेथे रक्ताने सुटला.

२३/
आणि राघोबादादा? मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. त्यातून पहिले इंग्रज-मराठे युद्ध पेटले. १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने ते संपले. राघोबांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली आणि ते कोपरगावी राहू लागले. १७८३ मध्ये त्यांना नैसर्गिक मृत्यू आला. १७९६ मध्ये त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि १८१८ मध्ये त्यांच्याच हातून राज्य गेले.

२४/
हा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा. कटातले शिपाई आणि सेवक दंड भोगून किंवा परमुलखात मेले. ज्याच्यासाठी कट झाला, त्याचे वर्षासन तहाच्या कलमात लिहिले गेले. रामशास्त्र्यांनी दोषाची उतरंड वरून खाली लावली होती. राज्याने शिक्षेची उतरंड खालून वर नेली आणि ती वरच्या पायरीपर्यंत पोहोचलीच नाही. शास्त्रीबोवांचा निर्णय आजही लोकांच्या स्मरणात आहे, तो बहुधा अंमलात आला नाही म्हणूनच.

२५/
सुमेरसिंगाला नायक करण्याचे कारण नाही. अठरा वर्षांच्या मुलाचे आणि निःशस्त्र चाकरमाण्यांचे रक्त त्याच्या हाताला लागले होते. परंतु त्याला अक्षराच्या चुकीचा बळी ठरवणेही योग्य नाही. राज्याच्या घरातले भांडण राज्यानेच पगारी तलवारीच्या हाती सोपवले आणि त्या तलवारीने आपला स्वतंत्र हिशेब केला. शनिवारवाड्यात त्या दुपारी ओरड झाली ती थकलेल्या तलबेची. पुढे दरमहा नेमणूक ठरली, ती गारद्यांच्या धन्याची.

(धागा समाप्त)